मेंफिसचा उन्हाळा

साथीच्या रोगांना इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात फार तर एक ओळ मिळते. लढाया, तह, राजघराण्यांच्या वंशावळी यांना पानेच्या पाने मिळतात. साथ मात्र आली, इतकी माणसे दगावली आणि साथ गेली, एवढ्यावर आटोपते. गेली कित्येक वर्षे वर्गात इतिहास शिकवताना मला ही एक ओळ खटकत आली आहे. साथीच्या दिवसांत गावाची खरी कुंडली उघडी पडते. कोण निघून गेले, कोण थांबले, कोणाला जायचे असूनही जाता आले नाही आणि कोण बाहेर सुखरूप असताना उलट गावात परत आले, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या समाजाविषयी सनावळीहून पुष्कळ अधिक कळते.

यांतल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'कोणीही नाही' असेच असते. जिथे ते तसे नाही, अशी एक हकीकत मला फार दिवस वाचकांपुढे मांडायची होती. ती आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या मेंफिस या शहरातल्या एका चर्चची आणि त्या चर्चशेजारी शाळा चालवणाऱ्या काही बायकांची ती आहे. साल १८७८, दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीचे.

प्रथम 'एपिस्कोपल' या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या राजसत्तेपासून अमेरिका वेगळी झाली, तेव्हा तिथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या अनुयायांपुढे प्रश्न पडला की, ज्या धर्मव्यवस्थेचा प्रमुख इंग्लंडचा राजा, तिच्यात आता राहायचे कसे? त्यांनी उपासनेची जुनी पद्धत आणि बिशपांची व्यवस्था ठेवली, राजाला मात्र वगळले, आणि १७८९ मध्ये आपली स्वतंत्र घडी बसवली. बिशपांच्या व्यवस्थेखालचे म्हणून ते एपिस्कोपल. त्या व्यवस्थेतला पायाचा घटक म्हणजे पॅरिश. एक चर्च आणि त्याच्या आधाराने राहणारी वस्ती. गोव्यातल्या वाचकांना फिरगज म्हटले की ही कल्पना चटकन कळेल, पंथ निराळा असला तरी.

बेळगावच्या कॅम्पात सेंट मेरीज चर्च आहे. इंग्रजांच्या छावणीसाठी बांधलेले ते अँग्लिकन चर्च आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिले असेल. मेंफिसच्या ज्या चर्चविषयी मी लिहितो आहे, त्याचेही नाव सेंट मेरीजच. दोन्ही एकाच मूळ झाडाच्या दोन फांद्या. आणि पुण्याचे पंचहौद मिशन तर मराठी माणसाला १८९० च्या त्या चहामुळे पाठच आहे. टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी तिथे गेली, चहा पुढे आला आणि पुढे ग्रामण्याचे केवढे रामायण घडले, हे आपण शिकलो. परंतु त्या मिशनमध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणी येऊन काम करत होत्या आणि त्यांच्याच वाँटेजच्या मठात १८८३ साली पंडिता रमाबाई राहिल्या, हे त्या चहाच्या वाफेत झाकले गेले. प्रॉटेस्टंट पंथात स्त्रियांनी व्रतस्थ होऊन मठात राहावे ही गोष्टच त्या शतकात नवी होती. वाँटेजला जे घडले, तसेच न्यूयॉर्कमध्ये १८६५ साली घडले. पाच स्त्रियांनी एकत्र येऊन सिस्टर्स ऑफ सेंट मेरी हा संघ सुरू केला. मेंफिसला गेल्या त्या याच संघाच्या सिस्टर.

मेंफिस हे मिसिसिपी नदीच्या काठावरच्या उंच कड्यावर वसलेले कापसाचे शहर. आसपासचा कापूस गाड्या भरून इथे यायचा आणि आगबोटींनी खाली न्यू ऑर्लिअन्सकडे जायचा. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली आणि मुक्त झालेली हजारो कृष्णवर्णी माणसे कामधंद्यासाठी शहरात आली. १८६६ च्या मे महिन्यात गोऱ्यांच्या झुंडींनी त्यांच्या वस्त्या जाळल्या, चाळिसांहून अधिक माणसे मारली. असे हे तणावाचे, कर्जात बुडालेले आणि अतिशय घाणेरडे शहर होते. सांडपाण्याची भूमिगत व्यवस्था नव्हती. शहरामधून वाहणारा गायोसो नावाचा ओढा हाच सगळ्यांचा उकिरडा. रस्त्यांवर लाकडी ठोकळे बसवले होते, ते कुजले होते. पिण्याचे पाणी बहुतेक घरी पावसाचेच. परसातल्या हौदांत आणि पिंपांत साठवलेले.

या शहरात १८५५, १८६७ आणि १८७३ साली पीतज्वराच्या साथी येऊन गेल्या होत्या. डोळे आणि कातडी पिवळी पडायची, ताप चढायचा, मध्येच एखादा दिवस रोगी बरा झाल्यासारखा वाटायचा आणि मग काळ्या रक्ताच्या उलट्या सुरू व्हायच्या. रोग कशाने होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी म्हणे दूषित हवेने, कोणी म्हणे रोग्याच्या कपड्यांनी. थंडीत पहिले दहिवर गोठले की साथ थांबते, एवढे मात्र अनुभवाने सगळ्यांना कळले होते.

टेनेसीचे बिशप चार्ल्स क्विंटार्ड यांनी न्यूयॉर्कच्या या सिस्टरना १८७३ मध्ये मेंफिसला बोलावले ते मुलींची शाळा काढण्यासाठी. सेंट मेरीज हे तोवर बिशपांचे मुख्य चर्च, म्हणजे कॅथीड्रल, झाले होते. शाळा त्याला लागूनच. पण त्याच वर्षी पीतज्वर आला आणि मुलींना धडे देण्यासाठी आलेल्या या बायका रोग्यांच्या उशाशी बसल्या. त्या साथीत शहरात सुमारे २,००० माणसे मेली. पुढची पाच वर्षे मात्र साध्या, रोजच्या कामाची. शाळा भरायची, सुटायची. चर्चच्या अनाथाश्रमाचा कारभारही सिस्टरांकडे आला. आजाऱ्यांच्या घरी जाणे, विधवांना शिवणकाम मिळवून देणे, पोरक्या मुलांची सोय लावणे, अशी पॅरिशमधली नाना कामे त्यांच्या अंगावर पडत गेली. शाळा चालवणाऱ्याला हे नीट समजेल. मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे घरही येते. बापाचे व्यसन, आईचे दुखणे, थकलेले भाडे सगळे हळूहळू मास्तरांना कळत जाते. पाच वर्षांत मेंफिसच्या कितीतरी घरांचे उंबरे या सिस्टरांच्या पायाखालचे झाले होते.

त्यांच्या प्रमुख होत्या सिस्टर कॉन्स्टन्स. मूळच्या मॅसॅच्युसेट्सच्या, वय तिशीच्या थोडे पुढे. घरचे नाव कॅरोलाइन लुईझ डार्लिंग. व्रत घेताना ते मागे राहिले.

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शाळांना लांब सुट्टी असते. दक्षिणेकडच्या शहरांत तर जून उजाडला की ऐपतदार कुटुंबे डोंगराकडे किंवा उत्तरेकडे निघायची. चर्चमधली बाके रिकामी पडायची. व्यापार मंद व्हायचा, कारण कापूस यायला शरद ऋतू उजाडावा लागे. या दिवसांत सिस्टरही आळीपाळीने थोडी विश्रांती घ्यायच्या. हडसन नदीकाठी पीकस्किल इथे संघाचे मूळ घर होते. थंड हवा, प्रार्थना, मौन आणि वर्षभराच्या श्रमांनंतरची झोप. १८७८ च्या ऑगस्टमध्ये सिस्टर कॉन्स्टन्स आणि सिस्टर थेक्ला तिथेच होत्या.

त्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लिअन्समध्ये पीतज्वर आल्याच्या बातम्या जुलैपासून येत होत्या. मेंफिसने बाहेरून येणाऱ्यांवर बंदी घातली, पण नदी आणि आगगाडी दोन्ही दारे पूर्ण बंद होणे शक्य नव्हते. १३ ऑगस्टला नदीकाठी खानावळ चालवणारी केट बायोंडा नावाची बाई या तापाने वारली. मेंफिसमधला हा पहिला अधिकृत मृत्यू. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली आणि शहर पळू लागले.

हे पळणे कसे होते? सुमारे ४७,००० वस्तीच्या शहरातून काही दिवसांत २५,००० वर माणसे गेली. आगगाडीच्या डब्यांत खिडक्यांमधून माणसे कोंबली गेली. ज्यांच्याकडे घोडागाडी होती त्यांनी ती जुंपली. काही नुसते पायी निघाले. आसपासच्या गावांनी वेशीवर बंदुका घेऊन पहारे बसवले आणि मेंफिसकडून येणाऱ्यांना हुसकावून लावले. नगरपालिकेचे कामकाज जवळजवळ कोलमडले. मागे राहिले सुमारे २०,०००. त्यांतले १४,००० च्या आसपास कृष्णवर्णी आणि ६,००० च्या आसपास गोरे, बहुतेक गरीब, पुष्कळसे आयरिश मजूर. त्यांच्याकडे ना भाड्याचे पैसे होते, ना जायला जागा.

पीकस्किलला बातमी पोहोचली आणि दोघी सिस्टर परत निघाल्या. मेंफिसहून सुटणारी गाडी दाराशी लटकलेल्या माणसांसह धावत होती, तेव्हा हजारांहून अधिक मैलांचा प्रवास करून या दोघी मेंफिसच्या दिशेने चालल्या होत्या. २० ऑगस्टला त्या शहरात उतरल्या. रात्री शहराबाहेर निजावे आणि दिवसा कामाला यावे, अशी सोय त्यांना सुचवण्यात आली होती. त्यांनी ती नाकारली. रोगी रात्रीही असतात, एवढे साधे कारण त्यामागे होते.

कॅथीड्रलचे डीन जॉर्ज हॅरिस आणि सिस्टर कॉन्स्टन्स यांनी मिळून मदतीची व्यवस्था उभी केली. शाळेची इमारत, सिस्टरांचे घर आणि अनाथाश्रम हे तिन्ही या कामाला जुंपले गेले. सकाळी घराबाहेर पडायचे, कोणाच्या घरी कोण आजारी याची यादी हातात घ्यायची, आणि संध्याकाळपर्यंत ती यादी दुप्पट व्हायची. काही घरांत रोग्याला पाणी द्यायला कोणी नाही. काही घरांत प्रेत पडलेले आणि शेजारी मुले बसलेली. रोग्याचे अंग पुसणे, बर्फ आणि पेज पोचवणे, औषध देणे, शवपेटी मिळवणे, मेलेल्याला कफन घालणे, मरणाऱ्यासाठी प्रार्थना म्हणणे आणि मागे राहिलेल्या पोरांना उचलून आणणे असे हे काम. उत्तरेकडल्या शहरांतून पैसा आणि सामान येत होते. ते योग्य घरी पोचवायला वाट माहीत असलेली माणसे लागत होती. पाच वर्षे ज्या गल्लीबोळांतून त्या मुलींच्या चौकशीसाठी हिंडल्या, ती ओळख आता कामी आली.

मुलांचा प्रश्न सर्वांत बिकट झाला. पोरकी झालेली मुले इतकी वाढली की अनाथाश्रम अपुरा पडला. शहराच्या कडेला कॅनफील्ड असायलम नावाची कृष्णवर्णी मुलांसाठी काढलेली एक संस्था होती. ती इमारत या मुलांसाठी घ्यायचे ठरले. आजूबाजूचे रहिवासी खवळले. रोगी घरांतली मुले आमच्या शेजारी नकोत, म्हणून जमाव जमला. सिस्टर कॉन्स्टन्स त्यांच्यासमोर गेल्या. तुम्ही आपल्या मुलांसाठी जो आसरा शोधलात तोच या मुलांना नाकारायचा काय, अशा आशयाचे त्यांनी विचारले. इथे इस्पितळ काढायचे नाही, मुलांना ठेवायचे आहे, हेही समजावले. जमाव पांगला. ज्यांनी २०२० साली आपल्या गल्लीत विलगीकरण केंद्र नको म्हणून जमलेले जमाव पाहिले असतील, त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण ताप कोणाचे काम पाहून थांबत नव्हता. डीन हॅरिस स्वतः आजारी पडले; ते पुढे वाचले. मेंफिसच्या ग्रेस आणि सेंट लाझरस चर्चचे धर्मगुरू चार्ल्स पार्सन्स त्यांच्या जागी उभे राहिले. हे पार्सन्स पूर्वी यादवी युद्धात उत्तरेच्या तोफखान्यातले अधिकारी होते; तलवार ठेवून त्यांनी धर्मदीक्षा घेतली होती. ज्या दक्षिणेविरुद्ध ते लढले, तिच्याच एका शहरात रोग्यांची सेवा करता करता ६ सप्टेंबरला ते गेले. त्याच सुमारास सिस्टर कॉन्स्टन्स आणि थेक्ला यांना ताप भरला. कॉन्स्टन्स ९ सप्टेंबरला गेल्या, थेक्ला १२ ला. न्यू जर्सीतल्या होबोकेनहून लुई श्यूलर नावाचे तरुण धर्मगुरू आपणहून आले होते; ते आणि न्यूयॉर्कहून मदतीला आलेल्या सिस्टर रूथ, दोघेही १७ सप्टेंबरला गेले. अनाथाश्रम सांभाळणाऱ्या सिस्टर फ्रान्सिस ४ ऑक्टोबरला गेल्या. २० ऑगस्टला दोघी शहरात उतरल्या तिथपासून मोजले, तर अवघे साडेसहा आठवडे होतात.

ऑक्टोबरच्या अखेरीस दहिवर गोठले आणि साथ ओसरली. सुमारे १७,००० माणसांना ताप येऊन गेला होता आणि ५,००० वर माणसे मेली होती. सप्टेंबरच्या ऐन भरात दिवसाला २०० मृत्यू होत होते.

एवढ्यावर थांबलो तर हे एका पंथाच्या संतचरित्रासारखे होईल आणि इतिहास अर्धाच सांगितला जाईल. एपिस्कोपल चर्च आजही ९ सप्टेंबर हा दिवस कॉन्स्टन्स आणि तिच्या सोबत्यांच्या स्मरणाचा म्हणून पाळते. ते योग्यच आहे. परंतु त्या शहरात त्या दिवसांत आणखी माणसे होती. रोमन कॅथलिक पंथाचे कितीतरी धर्मगुरू आणि जोगिणी तशाच सेवेत मेल्या. हॉवर्ड असोसिएशन या नागरिकांच्या संस्थेने गावोगावच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना बोलावून घेतले आणि त्यांतलेही पुष्कळ तिथेच पुरले गेले. 'मेंफिस अपील' या दैनिकाचे संपादक जे. एम. कीटिंग शहरात थांबून अंक काढत राहिले. पुढे १८७९ मध्ये त्यांनी या साथीचा इतिहासही लिहिला. ॲनी कुक नावाची एक बाई होती. तिचा कुंटणखाना शहरात प्रसिद्ध. साथ आली तेव्हा तिने तिथल्या मुलींना पाठवून दिले, घर रोग्यांसाठी उघडले, स्वतः शुश्रूषा केली आणि ११ सप्टेंबरला त्याच तापाने ती वारली. सिस्टर कॉन्स्टन्सच्या नंतर अवघ्या दोन दिवसांनी. दोघींचे दफन एलमवुड या एकाच दफनभूमीत झाले आहे.

आणि मागे राहिलेले ते १४,००० कृष्णवर्णी रहिवासी? ताप त्यांनाही आला. गोऱ्यांच्या मानाने त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले, तरी शेकड्यांनी झाले. त्यांच्यातले पुरुष आणि बायका मोठ्या संख्येने रोग्यांची शुश्रूषा करत होते, गाड्या हाकत होते, कबरी खणत होते. उत्तरेहून आलेल्या धान्याच्या कोठारांवर झुआव्ह गार्ड्स आणि मॅक्लेलन गार्ड्स या कृष्णवर्णी तुकड्यांनी पहारा दिला. ज्या शहरात बाराच वर्षांपूर्वी त्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या होत्या, त्या शहराची लूट त्यांनी होऊ दिली नाही. शहराच्या पोलीस दलात कृष्णवर्णी शिपाई घेतले गेले ते याच साथीत. त्या परिचारिकांची, गाडीवानांची, कबरी खणणाऱ्यांची नावे बहुतेक कुठेच नाहीत. चार सिस्टरांची नावे मात्र कॅथीड्रलच्या वेदीच्या पायऱ्यांवर कोरलेली आहेत. मला त्या पायऱ्यांविषयी आदर आहे. पण वर्गात ही हकीकत सांगताना पायऱ्यांवर नसलेल्या नावांपाशीही मी थांबतो.

एक कठीण प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतो: "सर, या सिस्टरांनी नेमके काय साधले? औषध तर नव्हतेच. त्या स्वतःही मेल्या." प्रश्न उद्धट नाही, योग्य आहे. पीतज्वर डासामुळे पसरतो, हे क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी १८८१ मध्ये मांडले. अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते १९०० मध्ये सिद्ध केले. हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणजे मेंफिसच्या प्रत्येक परसातला पावसाच्या पाण्याचा हौद हीच रोगाची खाण होती. ज्या घरात रोग्याला गार पाणी द्यायला सिस्टर वाकायच्या, त्याच घराच्या हौदावरून उठलेला डास त्यांना चावत होता. आणि दहिवर पडले की साथ का थांबायची, याचेही उत्तर तेच. थंडीत डास मरायचे. लस तयार व्हायला तर १९३७ उजाडले.

साथीनंतर मेंफिसचे दिवाळे निघाले. १८७९ मध्ये शहराची सनदच गेली, ती परत मिळायला १८९३ साल उजाडले. पण मधल्या काळात शहराने धडा घेतला. कर्नल जॉर्ज वेअरिंग यांच्या आराखड्याप्रमाणे १८८० पासून सांडपाण्याचे नळ घातले गेले. १८८७ मध्ये जमिनीखालचे खोल झऱ्याचे पाणी सापडले आणि परसातल्या हौदांची गरज हळूहळू संपत गेली. गुलामीत जन्मलेले रॉबर्ट चर्च हे कृष्णवर्णी व्यापारी शहराच्या पडत्या काळात जमिनी घेत राहिले. शहराचे पैशाचे व्यवहार पुन्हा सुरू करण्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांतला पहिला रोखा त्यांनीच घेतला. शहर वाचवायला सेवा लागतेच, पण गटारे, पाणी, पैसा आणि शास्त्रही लागते. हे मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही.

तरीही त्या प्रश्नाचे माझे उत्तर असे असते. पीतज्वराच्या प्रत्येक रोग्याला मरण येतेच असे नाही. पाणी मिळाले, अंग पुसले गेले, पेज पोटात गेली, तर पुष्कळजण निभावून जातात; नुसते टाकून दिले तर वाचणारेही मरतात. आणि मुले? रस्त्यावर सापडलेल्या त्या मुलांना त्या उन्हाळ्यात छप्पर आणि अन्न मिळाले, हे काही लहान काम नाही.

आता आपल्याकडे वळू. मेंफिसनंतर अठरा वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे पहिले निदान केले. प्लेग पुण्यात शिरला, मग दक्षिणेकडे सरकत बेळगाव, धारवाड, हुबळीकडे आला. आपल्या सीमाभागातल्या जुन्या माणसांकडून आपण सर्वांनी ऐकले आहे: घरात उंदीर पडला की गाव सोडायचे, माळावर झोपड्या बांधायच्या, मागे कुलूप लावलेली घरे. कानडी मुलुखात काही गावी प्लेगम्मा नावाची देवीच त्या भीतीतून उभी राहिली. तेव्हाही पिसवेमुळे हा रोग पसरतो हे कोणाला ठाऊक नव्हते. ते पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. मेंफिस आणि आपला मुलूख एकाच अंधारात चाचपडत होते.

त्या अंधारात आपल्याकडेही एक बाई रोग्यांकडे गेली. सावित्रीबाई फुल्यांचे वय तेव्हा पासष्टीच्या पुढे होते. डॉक्टर झालेले त्यांचे दत्तक पुत्र यशवंत लष्करात नोकरीला होते. ते रजा काढून आले आणि हडपसरजवळच्या माळावर दोघांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला उचलून त्यांनी तिथे आणले, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सावित्रीबाई आणि कॉन्स्टन्स यांचा धर्म वेगळा, देश वेगळा, आयुष्येही फार वेगळी. एकीला आपल्याच माणसांचे शेणगोळे झेलावे लागले, तसे दुसरीच्या वाट्याला आले नाही. पण दोघींत एक गोष्ट सारखी आहे. दोघीही आधी शिक्षिका होत्या. साथ आली म्हणून त्या एका रात्रीत सेविका झाल्या नाहीत. सावित्रीबाईंनी १८७७ च्या दुष्काळात मुलांसाठी अन्नछत्रे चालवली होती. महारवाड्याची वाट त्यांना अर्ध्या शतकापासून माहीत होती. कॉन्स्टन्सला मेंफिसची गल्ली पाच वर्षांपासून.

सेवेविषयी आपल्याकडे भाषणे फार होतात. शाळेतही उन्हाळी शिबिरे भरतात, मुले एक दिवस झाडू घेऊन रस्ता झाडतात, छायाचित्र निघते. त्याला माझी ना नाही; सुरुवात कुठून तरी व्हावीच लागते. मात्र संकटात जो उपयोगी पडतो, त्याची ओळख संकटाच्या आधीची असते. २०२० च्या मे महिन्यात आमच्या शाळेचे वर्ग बाहेरगावाहून परतलेल्या कामगारांसाठी रिकामे करून दिले होते. त्या दिवसांत मी पाहिले की दारोदार कोण जात होते: गावातल्या आशा कार्यकर्त्या. कोणाच्या घरी मधुमेह, कोणाची सून दिवस गेलेली, कोण पुण्याहून रात्री गुपचूप आला, हे त्यांना आधीपासून माहीत असे. मराठी घरात मराठीत आणि कानडी घरात कानडीत त्या विचारपूस करायच्या. काही दारे त्यांच्या तोंडावर बंद झाली, ती दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा ठोठावली. पुढे शाळा सुरू झाल्यावर नववीच्या मुलांना मी एक काम दिले. आपल्या वाडीवस्तीत त्या दोन वर्षांत ज्यांनी स्वयंपाक केला, औषध पोचवले, तिरडी उचलली, अशांची नावे विचारून वहीत लिहायची. ती वही शाळेच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात नावे दोन्ही भाषांतल्या घरांची आहेत. कुठे शिला बसवण्याइतका पैसा आमच्याकडे नाही. वही मात्र दरवर्षी नव्या मुलांच्या हाती देतो.

मेंफिसची शेवटची हकीकत सांगतो. तिथल्या सिस्टरांपैकी सगळ्याच मेल्या नाहीत. सिस्टर ह्युएटा मूळच्या मेंफिसच्याच. त्या या साथीतून वाचल्या. आपल्या चार सहकारी त्या एका उन्हाळ्यात गेलेल्या असताना त्या सेवेत राहिल्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी टेनेसीच्या डोंगराळ भागातही पुढे त्यांनी काम केले. १९२६ पर्यंत त्या जगल्या. कॅथीड्रलशेजारची शाळा सिस्टरांनी १९१० पर्यंत चालवली, आणि सेंट मेरीज या नावाने मुलींची ती शाळा मेंफिसमध्ये आजही भरते. साथीच्या इतिहासात या गोष्टीला एक ओळही मिळत नाही. पण दहिवर पडले, साथ गेली, पळालेली कुटुंबे परतली, आणि मेंफिसच्या मुली पुन्हा दप्तर घेऊन त्याच दारातून आत गेल्या. समोर फळ्याशी कोणीतरी उभे होते.